पवईचा तलाव : लाभ आणि राखण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात मुलुंड येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी इच्छा दर्शविली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ज्ञातीचा इतिहास, कुलदैवते, विद्याप्रसार किंवा विवाहातील खर्चाची मर्यादा यांविषयी बोलावे, असा आजवरचा परिपाठ आहे. आज आम्ही तो किंचित मोडून एका तलावाविषयी बोलणार आहोत. तलाव पवईचा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे. कित्येकजण रोज बसमधून त्याच्या काठाने जातात. तथापि तो कोणी, केव्हा व कशासाठी बांधला आणि आज तो आपल्या कोणत्या उपयोगी पडतो, हे विचारले तर नेमके उत्तर फार थोड्यांस देता येईल.

हा विषय घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या ज्ञातीची बहुसंख्य कुटुंबे आता गिरगाव-दादर सोडून अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली या उपनगरांत स्थायिक झाली आहेत, आणि या चार उपनगरांच्या मधोमध पवई, विहार व तुळशी हे तीन तलाव आहेत. म्हणजे आपली घरे या तिघांच्या भोवती बसली आहेत. दुसरे कारण असे की, आजच्या कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी एक ठराव यावयाचा आहे. मंडळाच्या गणपतीचे विसर्जन यापुढे पवईच्या तलावात करावे की नाही, याविषयीचा तो ठराव आहे. त्यावर मत देण्यापूर्वी तलावाची हकीकत सर्वांच्या कानी पडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम इतिहास पाहू. जुन्या मुंबई शहराची तहान विहिरी व लहान तळी यांवर भागत असे. वस्ती वाढली, पाणी पुरेना. १८५४ साली पाण्याची इतकी टंचाई पडली की शहरात बाहेरून पाणी आणण्याची व गुरे शहराबाहेर हलविण्याची वेळ आली. तेव्हा हेन्री कोनिबेअर नावाच्या इंजिनिअराने साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात, विहार येथे बांध घालण्याची योजना मांडली. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहारचे पाणी नळाने शहरात आले. शहराची ही पहिली नळयोजना होय. ती पुरेनाशी झाली, तेव्हा १८७९ साली त्याच्या वरच्या अंगास तुळशीचा तलाव पूर्ण झाला. आजही तुळशी भरून वाहू लागला की त्याचे जास्तीचे पाणी विहारमध्ये येते, आणि विहार भरला की त्याचे पाणी मिठी नदीत जाते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नळाचे पाणी सोवळ्यास चालते की नाही, याची चर्चा त्या काळी पुष्कळ घरांतून झाली. विहिरीवर घागर कोणी बुडवावी, कोणी दूर उभे राहावे, याचे नियम होते. नळाला असे नियम लावता येईनात. एकाच तलावाचे पाणी एकाच नळातून सर्व ज्ञातींच्या घरांत शिरले. व्याख्याने देऊन जे साधत नव्हते, त्याचा काही अंश या नळाने गाजावाजा न करता साधला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता पवईकडे वळू. आज जेथे तलाव आहे तो भाग एके काळी पवई इस्टेट या नावाने ओळखला जाई. पवई, तिरंदाज, साकी, पासपोली, तुंगवे आणि कोपरी अशी गावे तीत मोडत. १८२९ साली ही इस्टेट फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांस पट्ट्याने मिळाली. त्यांनी तेथे ऊस, नीळ, रेशीम यांचे प्रयोग केले आणि आंब्यांच्या बागा लावल्या. १८३८ साली त्यांनी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीस आंबे भेट म्हणून पाठविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तलावाच्या काठी पद्मावती देवीचे स्थान आहे, आणि गावाचे नाव तिच्यावरूनच पडले असे लोक सांगतात.

१८८० नंतरच्या दशकात विहार आणि तुळशी मिळूनही शहरास पाणी पुरेना. शहापूर तालुक्यात तानसा नदीवर मोठे धरण बांधण्याचे काम हाती घेतले होते, परंतु ते पूर्ण होण्यास अवधी होता. मधल्या काळात निकड भागावी म्हणून मिठीस मिळणाऱ्या एका ओढ्यावर, टेकड्यांच्या मध्ये बांध घालून पवईचा तलाव घाईने तयार करण्यात आला. त्याचे बांधकाम १८९० साली पूर्ण झाले व त्यास सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये खर्च आला. परंतु त्याचे पाणी विहार-तुळशीच्या तोडीचे निघाले नाही. १८९२ साली तानसाचे पाणी शहरात आले आणि पवईच्या पाण्याची गरज संपली. ज्या कामासाठी त्याचा जन्म झाला, त्या कामावरून तो लवकरच दूर झाला.

श्रोतेहो, एखादा माणूस ऐन उमेदीत नोकरीवरून कमी झाला तर घरात त्याचे स्थान काय राहते, हे आपण जाणतो. पवईच्या तलावाचे तसेच झाले. परंतु बांध तर उभा होता आणि पाऊस दरवर्षी पडत होता. म्हणून तलाव भरत राहिला, आणि पुढे त्याने एकामागून एक नवी कामे अंगावर घेतली.

पहिले काम गुरांचे. १९४९ साली आरे येथे दुग्धवसाहत सुरू झाली. शहरातील तबेल्यांतून म्हशी बाहेर नेऊन त्यांस मोकळे रान व कुरण द्यावे, असा हेतू होता. त्या वसाहतीस पवईचे पाणी उपयोगी पडले, आणि पिण्याखेरीज इतर कामासाठी आजही पडते. दुसरे काम कारखान्यांचे. पवईच्या परिसरात यंत्रसामग्रीचे मोठे कारखाने निघाले; त्यांस पिण्याचे पाणी नव्हे, कामाचे पाणी हवे होते, ते या तलावाने दिले. तिसरे काम सरस्वतीचे. १९५८ साली मुंबईची तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि तिच्यासाठी पवईच्या काठची जागा निवडण्यात आली. १९५९ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. देशभरचे विद्यार्थी या पाण्याच्या काठी शिकून मोठे झाले. चौथे काम विरंगुळ्याचे. रोहू, कटला, मृगळ अशा माशांसाठी गळ टाकून बसणारे हौशी लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. सुट्टीच्या दिवशी भेळेचा पुडा घेऊन काठावर बसणाऱ्या कुटुंबांची तर गणतीच नाही.

पाचवे काम तलावाने स्वतः मागून घेतले नाही, ते त्याच्यावर लादले गेले. १९८० नंतर पवईच्या टेकड्या फोडून तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. खिडकीतून पाणी दिसते म्हणून घराची किंमत वाढली. तलाव आता पाणी देण्याऐवजी देखावा देऊ लागला आणि देखाव्याचे मोल पाण्याहून अधिक ठरले. मौज अशी की, ज्या तलावाच्या दर्शनासाठी लोकांनी जास्तीचे पैसे मोजले, त्याच तलावात त्या वस्त्यांचे सांडपाणी जाऊ लागले.

सहावे काम आम्ही सर्वांत मोठे समजतो, पण ते डोळ्यांस दिसत नाही. ते म्हणजे पाणी थोपवून धरण्याचे. येथे थोडे गणित करावे लागेल; आमचा जन्म खडूफळ्यापुढे गेला आहे, म्हणून श्रोत्यांनी एवढी सवलत द्यावी. पवईचे पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर आहे. तलाव पूर्ण भरला म्हणजे त्याचा विस्तार २.२३ चौरस किलोमीटर होतो आणि त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते. आता एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होते. उपनगरात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर पवईच्या पाणलोटावर एकूण १,३२२ कोटी लिटर पाणी पडते, म्हणजे तलावाच्या पोटात मावेल त्याच्या जवळजवळ अडीच पट. काही जमिनीत मुरते, काही वाफ होऊन जाते. तरीही तलाव बहुधा जुलैतच काठोकाठ भरतो. २०२४ साली तो ८ जुलैस भरून वाहू लागला. उरलेले पाणी सांडव्यावरून मिठी नदीत जाते आणि कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, माहीम असे करीत खाडीस मिळते.

यावरून दोन गोष्टी निघतात. तलावात जितका गाळ अधिक, तितकी पाण्यास जागा कमी. आणि जितकी जागा कमी, तितके पाणी लवकर आणि एकदम मिठीत. २६ जुलै २००५ हा दिवस आपल्यापैकी कोणीही विसरणार नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या प्रलयास अनेक कारणे होती : समुद्राची भरती, नदीचे अरुंद केलेले पात्र, बुजविलेली खाजणे. पवईचा तलाव कितीही खोल असता तरी तेवढा पाऊस त्याने थोपविला असता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु नदीच्या डोक्यावर जी पाण्याची कोठारे आहेत, त्यांचे पोट गाळाने भरू देणे हे खालच्या माणसांशी वैर करण्यासारखे आहे, एवढे तरी त्या दिवसाने शिकविले. आणि खालची ती माणसे कोणी परकी नव्हेत. कुर्ला-कलिन्याकडे आपल्याही ज्ञातीची घरे आहेत.

याखेरीज पाणकावळे, बगळे, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी यांना तलाव आश्रय देतो. त्यात मगरी आहेत, ही गोष्ट बाहेरगावच्या पाहुण्यांस सांगितली तर त्यांचा विश्वास बसत नाही. कोटी माणसांच्या नगरीत मगर नांदते, हे आमच्या मते नगरीला भूषणावह आहे. तलावावरून येणारा वारा भोवतालच्या वस्तीला उन्हाळ्यात थोडा दिलासा देतो, तोही हिशेबात धरला पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. तिन्ही तलाव एकाच डोंगराचे, एकाच शतकातले, एकाच महापालिकेच्या हाती असलेले. मग विहार व तुळशी यांचे पाणी आजही आपण पितो आणि पवईचे पाणी हातपाय धुण्यासही नकोसे वाटते, हे कसे झाले? तुळशी रोज सुमारे १ कोटी ८० लाख लिटर आणि विहार सुमारे ९ कोटी लिटर पाणी शहरास देतो. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सातही तलावांच्या एकूण साठ्यात या दोघांचा वाटा शंभरात जेमतेम अडीच आहे. भातसा, वैतरणा यांच्यापुढे ते लहान भावंडांसारखे आहेत. तरी त्यांची राखण होते. त्यांचा पाणलोट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहे. तेथे वस्ती करण्यास, कचरा टाकण्यास, मोरी सोडण्यास मज्जाव आहे. हा मज्जाव पाळला जातो याचे कारण उघड आहे : ते पाणी आपल्या पेल्यात येते.

पवईचे पाणी पेल्यातून गेले आणि त्याबरोबर त्याची राखणही गेली. आमच्या मते या सगळ्या हकिकतीचे सार एवढेच आहे. ज्या पाण्यास आपण तोंड लावतो त्याची चिंता आपण करतो. ज्याचा लाभ अप्रत्यक्ष मिळतो, त्याची चिंता दुसऱ्या कोणी करावी असे आपणांस वाटते. पवईचे लाभार्थी दर पिढीस बदलत गेले : शहरातील नळधारक, मग म्हशी, मग कारखाने, मग विद्यार्थी, मग घरमालक, आणि आता मिठीकाठचे रहिवासी. प्रत्येकाने लाभ घेतला. निगा मात्र मागच्याने केली असेल किंवा पुढचा करील, असे धरून चालला.

परिणाम काय झाला तो पाहा. चांदिवली-पवईच्या दगडखाणींतून आणि फोडलेल्या टेकड्यांतून माती वाहून आली व तलावाच्या तळाशी बसली. वस्त्यांचे सांडपाणी प्रक्रिया न होता तलावात येऊ लागले. त्याचे प्रमाण रोज एक कोटी लिटरांहून अधिक आहे. सांडपाण्यात जे मल असतात ते पाणवनस्पतींस खतासारखे असतात. त्यावर जलपर्णी माजते. तिची जांभळी फुले दुरून मोहक दिसतात, पण ती अनुकूल पाण्यात दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होते आणि पाण्यावर हिरवे आच्छादन पसरते. खाली ऊन पोहोचत नाही. मेलेली पाने कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात, मासे तडफडतात, आणि कुजलेला सगळा भार तळाशी जाऊन पुन्हा गाळच होतो. म्हणजे सांडपाणी, जलपर्णी आणि गाळ ही तीन निराळी दुखणी नसून एकाच दुखण्याची तीन लक्षणे आहेत.

उपाय झाले नाहीत असे नाही. या शतकाच्या आरंभी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत पवईचा समावेश झाला. जंतूंच्या साह्याने पाणी शुद्ध करण्याचा आणि यंत्राने पाण्यात हवा खेळविण्याचा प्रयोग झाला. जलपर्णी काढण्याचे ठेके वेळोवेळी दिले गेले. सांडपाणी वळवून त्यावर प्रक्रिया करण्याची योजनाही महापालिकेने हाती घेतली आहे. या शेवटच्या योजनेसच आम्ही खरा उपाय मानतो. जलपर्णी काढणे म्हणजे घरात गळणाऱ्या छपराखाली पातेले ठेवून ते रोज ओतण्यासारखे आहे. पातेले ओतलेच पाहिजे. पण कौल बदलल्यावाचून सुटका नाही.

असे प्रसंग एकट्या पवईवर आलेले नाहीत. नागपूरचा अंबाझरी तलाव १८७० साली शहराच्या पाण्यासाठी तयार झाला. पुढे शहरास दुसरीकडून पाणी मिळाले, आणि तो फिरावयास जाण्याचे ठिकाण होऊन राहिला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसात तो भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. पिण्याच्या उपयोगातून सुटलेला तलाव निरुपयोगी होत नाही, निगा सुटली तर तो उपद्रवी मात्र होऊ शकतो, याचे हे ताजे उदाहरण. पुण्यास पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून चिरेबंदी नळाने पाणी आणले व पेठांतील हौद भरले; तेथेही पुढे नवे पाणी आले आणि जुन्या तलावाकडे दुर्लक्ष झाले. उलट भोपाळचा मोठा तलाव पाहा. परंपरेने तो अकराव्या शतकातील राजा भोजाचा मानला जातो, आणि आजही त्या शहराचा काही भाग त्याचे पाणी पितो. हजार वर्षे झाली तरी तो पेल्यातून उतरला नाही, म्हणून मनातूनही उतरला नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो, कारण तीत बोध आहे. २०१७ सालच्या पाणथळ भूमीच्या नियमांत, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले मानवनिर्मित जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे बापाने बांधले ते तळे आणि देवाने दिले ते सरोवर, यांत कायद्याने भेद केला. पुढे महापालिकेने तलावाच्या काठाने सायकलींसाठी मार्ग बांधावयास घेतला व त्यासाठी पाण्यात दगडांची भर टाकण्यास आरंभ झाला. तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थी व इतर नागरिक न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरविले आणि टाकलेली भर काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकल चालविणे वाईट नाही. परंतु तलावाचे सौंदर्य वाढविण्यासाठी तलावच लहान करावा, हा व्यवहार कोणत्याही वाण्याच्या वहीत बसणार नाही.

आता आपल्या ज्ञातीचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पाणवठा कोणाचा, हा प्रश्न आपल्या समाजात जुना आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले करण्याचे ठरले. आणि तो ठराव कागदावरच राहू नये म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक तळे सर्वांचे आहे, हे त्या दिवशी हक्काच्या बाजूने सिद्ध झाले. तेच आज कर्तव्याच्या बाजूने सिद्ध करावयाचे आहे. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, असा अर्थ आपण लावीत बसलो, तर ज्यांनी हक्क मिळविला त्यांच्या श्रमांचे आपण काय केले?

आपल्या ज्ञातीस निधी राखण्याची सवय आहे. आपला विद्यार्थी साहाय्य निधी ज्यांनी उभारला त्यांनी तो पुस्तकांसाठी दिला होता. पुढे पुस्तके सुलभ झाली, तेव्हा तो वसतिगृहाच्या खर्चासाठी वापरला. आता त्यातून उच्च शिक्षणास साहाय्य मिळते. उद्देश बदलला, लाभार्थी बदलले, परंतु मुद्दलास कोणी हात लावला नाही, आणि दरवर्षी या सभेपुढे हिशेब तपासून मांडला जातो. तलावास हाच न्याय लावा. त्याचा उपयोग बदलला याबद्दल खेद करण्याचे कारण नाही; काळ बदलतो तसे उपयोग बदलावयाचेच. परंतु तलावाचे मुद्दल म्हणजे त्याचे पोट, त्याचा काठ आणि त्यात येणारे स्वच्छ पाणी. त्याचा हिशेब दरवर्षी कोणापुढे मांडला जातो? विहार-तुळशीत किती पाणी साठले हे वर्तमानपत्रांत रोज छापून येते. पवईत किती गाळ साठला, ते कोठे वाचावयास मिळते?

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, पवई, चांदिवली, साकीविहार या बाजूस राहणाऱ्या आपल्या सभासदांनी आपापल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत एक साधा प्रश्न विचारावा : आपल्या इमारतीची मोरी कोठे जाते? ती मलवाहिनीस जोडली आहे, की पावसाच्या पाण्याच्या नाल्यातून तलावाकडे जाते? पुष्कळ ठिकाणी पदाधिकाऱ्यांसही हे ठाऊक नसते. विचारल्यावाचून कळत नाही आणि कळल्यावाचून दुरुस्त होत नाही.

दुसरी, मंडळाने महापालिकेस दरवर्षी पत्र लिहून तीन आकडे मागावेत : तलावाची मोजलेली धारणाशक्ती, त्यात येणारे सांडपाणी, आणि वर्षभरात काढलेली जलपर्णी व गाळ. ते आकडे या स्मरणिकेच्या एका पानावर दरवर्षी छापावेत. दहा वर्षांनी आपल्या नातवंडांस तो तक्ता कोणत्याही भाषणाहून अधिक सांगेल.

तिसरी गोष्ट ठरावाची. येथे श्रद्धेचा प्रश्न आहे याची आम्हांस जाणीव आहे आणि तो हलक्या हाताने हाताळला पाहिजे. विसर्जनामुळेच तलाव बिघडला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्षातील थोड्या दिवसांच्या मूर्तींपेक्षा वर्षभराच्या मोऱ्यांचा दोष पुष्कळ मोठा आहे. परंतु दुसऱ्याचा दोष मोठा, म्हणून आपला लहान दोष गुण होत नाही. भाद्रपद चतुर्थीस आपण ज्याची पूजा करतो तो पार्थिव गणेश, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा गणेश. शाडूची मूर्ती पाण्यात विरते. प्लास्टर ऑफ पॅरिसची लवकर विरत नाही, आणि तिचे रंग पाण्यात उतरतात. २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने अशा सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे बंधन आले. बंधन आले म्हणून पाळावे, त्यापेक्षा आपण होऊन पाळावे यात अधिक शोभा आहे. मंडळाची मूर्ती शाडूची आणि लहान असावी, तिचे विसर्जन हौदात व्हावे, आणि त्या हौदातील माती पुढील वर्षीच्या मूर्तीसाठी किंवा झाडांसाठी वापरावी. कोणी म्हणेल, हौदात विसर्जन म्हणजे विसर्जन कसले? त्यांस आमचे विनयपूर्वक सांगणे आहे की, पवईचा तलावही माणसांनी बांधलेला एक हौदच आहे. तो एकशे पस्तीस वर्षांपूर्वी बांधला आणि हा कालपरवा, एवढाच फरक. ज्या जुन्या हौदाने शहराच्या निकडीला हात दिला, त्यास थोडी विश्रांती देऊन नव्या हौदाने ते काम करावे, यात देवाचा अनादर कोठे आहे?

वडील मंडळींस एक शब्द. आपल्यापैकी कित्येकांच्या मनात पवईचे विसर्जन म्हणजे ढोल-लेझीम, गुलाल आणि घाटावरची शेवटची आरती आहे. ठराव संमत झाल्यास यांपैकी काहीही जाणार नाही. आरती हौदाजवळ होईल, खिरापत तीच वाटली जाईल. एवढेच की, दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर भग्न हात, मुकुट व निर्माल्य तरंगताना पाहण्याची पाळी मुलांवर येणार नाही. ज्या मूर्तीस दहा दिवस मखरात ठेवले, तिची ती दशा पाहून लहान मुले जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे आपल्यापाशी नाहीत, हे आपण सर्व जाणतो.

तरुण मंडळींस एवढेच सांगणे की, हे काम कंटाळवाणे आहे. धरण बांधणाऱ्याचे नाव राहते. दरवर्षी गाळ मोजणाऱ्याचे कोणी घेत नाही. परंतु बांधणे हे एका पिढीचे काम असते आणि राखणे हे पुढच्या सर्व पिढ्यांचे. आपल्या वाट्यास राखणे आले आहे. ते कमी प्रतीचे मानू नका.

सभेचे काम पुढे आहे, म्हणून आम्ही अधिक वेळ घेत नाही. ठरावावर सर्वांनी विचारपूर्वक मत द्यावे. विरुद्ध मत असेल त्यांनी तेही मोकळेपणाने मांडावे. आपल्या मंडळाची ती रीतच आहे.